बेबाबाईंची हरकत

बेबाबाईंचा राग धुळ्याच्या डेपोत सगळ्यांना ठाऊक होता. नवरा प्रेमराज एसटीत ड्रायव्हर होता. तो काविळीनं गेला आणि त्याच्या जागी अनुकंपेवर बेबाबाई कंडक्टर म्हणून लागल्या. धुळे-शिरपूर गाडीवर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. कॉलेजच्या पोरी त्यांची गाडी आली की हायसं वाटून चढायच्या. एकदा एका बड्या बापाच्या पोरानं एका मुलीच्या वेणीला हात लावला, तर बाईंनी नरडाणा फाट्याच्या अलीकडे भर उन्हात गाडी थांबवली आणि त्याला खाली उतरवलं. "तुना बापले सांग, बेबाबाईनी उतारं," असं वर ऐकवलंही. तक्रार झाली, साहेबांनी बोलावलं. बाईंनी साहेबांनाही तेच ऐकवलं.

रिटायर झाल्यावर हा राग कुठे खर्च करायचा, असा प्रश्न पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण त्याच सुमारास मुलानं, नवीननं, बायकोला सोडलं.

नवीन पुण्यात एका कंपनीत होता. त्याची बायको मोहिनी भडगावची, शिकून नर्स झालेली. लग्न धुळ्यातच, देवपुरातल्या चर्चमध्ये लागलं होतं, मंडळीच्या साक्षीनं. सहा-सात वर्षं संसार बरा चालला, शेरॉन नावाची मुलगी झाली. मग कंपनीतल्या स्नेहलशी नवीनचं जुळलं. त्यानं ते फार दिवस लपवलंही नाही. मोहिनी एका बॅगेत आपले आणि दुसऱ्या बॅगेत पोरीचे कपडे भरून पुण्याहून निघाली. माहेरी न जाता ती थेट सासूच्या दारात उभी राहिली. बेबाबाईंनी तिला काहीएक विचारलं नाही. आतल्या खोलीतलं कपाट रिकामं करून दिलं आणि नवीनला फोन लावला. तो फोन सगळ्या गल्लीनं ऐकला.

मोहिनीला धुळ्यातच एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली. दोन वर्षं नवीन घटस्फोटासाठी तिच्या मागे लागला होता. शेवटी ती कोर्टात गेली आणि संमतीची सही करून आली.

"का केलीस सही?" बेबाबाई कडाडल्या.

"दमले मी, आई," मोहिनी म्हणाली. "रोज त्याचा फोन, रोज तेच. मला शांत झोप हवी होती."

बेबाबाईंनी रागानं परातीतलं पीठ असं मळलं की भाकरी दगडासारख्या झाल्या. पण सुनेला त्या पुढे बोलल्या नाहीत. कोर्टानं काय तोडायचं ते तोडलं असेल, त्यांच्या हिशेबी नवीनचं लग्न झालेलं होतं आणि ते झालेलंच राहणार होतं.

हे त्यांनी कुठल्या उपदेशातून उचललं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रेमराजशी कडाक्याचं भांडण होऊन त्या माहेरी निघून गेल्या होत्या. परत जायचं नाही, असं ठरवूनच गेल्या होत्या. चूक बरीचशी त्यांचीच होती. आठवड्याभरात प्रेमराज आला आणि सासऱ्याच्या ओट्यावर बसून राहिला. सासऱ्यानं विचारलं, "एवढी तापट बायको, कशाला नेतो परत?" तेव्हा तो म्हणाला, "आबा, मी देवासमोर हो म्हटलंय. ते आता मलाही परत घेता येत नाही." बेबाबाई दाराआडून ऐकत होत्या. त्यांनी गुपचूप पिशवी भरली. शब्द दिला तो दिला, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढे काविळीनं पिवळ्या पडलेल्या प्रेमराजला त्यांनी लहान मुलासारखं सांभाळलं, तेही त्याच शब्दावर.

तर मागच्या वर्षी, ईस्टर झाल्यावर, नवीन धुळ्याला आला. घरी आला नाही, हॉटेलात उतरला. दुसऱ्या दिवशी मंडळीचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, हितेंद्र बेबाबाईंना भेटायला आले. पाळक तरुण होते, गोड बोलायचे. त्यांनी आल्यापासून गिटार आणली, ड्रम आणले, पडद्यावर गाणी दाखवायला सुरुवात केली. बेबाबाईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. ड्रमनं त्यांचं डोकं दुखायचं, पण पोरं येतात ना, मग वाजवू देत, असं त्या म्हणायच्या.

"अक्का," पाळकांनी चहाचा कप खाली ठेवला, "नवीनला आपल्या चर्चमध्ये लग्न करायचंय. स्नेहलशी. कायद्यानं तो मोकळा आहे."

"आणि देवापुढे?"

"अक्का, काळ बदललाय. ही पिढी एक तर चर्चमध्ये लग्न करते, नाहीतर लग्नच करत नाही. आपण दार लावलं तर ते दुसरीकडे जातील, कुठेच येणार नाहीत. प्रेमानं जवळ घेतलं तर उद्या त्यांची मुलं तरी मंडळीत येतील."

"पाळकसाहेब, माझ्या नवीनचं लग्न लागलं तेव्हा त्याच जागी उभं राहून तुमच्या आधीच्या पाळकांनी काय सांगितलं? देवानं जोडलेलं माणसानं सोडवायचं नाही. सांगितलं की नाही?"

"सांगितलं."

"ते येशूचं सांगणं होतं का त्या पाळकांचं?"

"येशूचंच. मी नाही म्हणत नाही, अक्का. पण आजच्या परिस्थितीत त्याचा अर्थ—"

"अर्थ राहू द्या. मोहिनीनं काय पाप केलं ते सांगा."

पाळकांनी खाली बघितलं. "काहीच नाही," ते म्हणाले. बेबाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस मूर्ख असता, लबाड असता, तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण त्याला सगळं नीट माहीत होतं. माहीत असून तो नाही म्हणत नव्हता, कारण नाही म्हटलं की लोक नाराज होतात.

"जय ख्रिस्त," म्हणून बाईंनी निरोपाचे हात जोडले. पाळक चहा अर्धा टाकून उठले.

या मंडळीत लग्नाआधी चर्चमध्ये पुकार होते. पाळक वधूवरांची नावं वाचतात आणि कोणाची हरकत असेल तर सांगावी म्हणतात. मग क्षणभर शांतता असते. तेवढ्यात कोणी खोकतं, कोणी पंख्याकडे बघतं, आणि पाळक पुढच्या सूचनेकडे वळतात. त्या चर्चमध्ये कधी कोणी हरकत घेतल्याचं जुन्याजाणत्यांनाही आठवत नव्हतं.

त्या रविवारी नवीन पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर होता. पलीकडे बायकांत स्नेहल होती, तिची आई होती. मागे, दाराजवळ, ड्यूटी संपवून आलेली मोहिनी शेरॉनला घेऊन बसली होती. पुकार आजच होणार हे तिला माहीत नव्हतं. बेबाबाईंना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं.

पाळकांनी नावं वाचली. "या विवाहास कोणाची हरकत असल्यास..."

"माझी आहे," म्हणत बेबाबाई उभ्या राहिल्या.

भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा तो आवाज. ड्रमवर बसलेल्या पोराच्या हातातली काडी खाली पडली.

"अक्का, आपण नंतर बोलू," पाळक म्हणाले.

"नंतर कशाला? आता विचारलं ना तुम्ही? या माणसाचं लग्न इथंच झालंय. तुम्ही बठ्ठे, सगळेच्या सगळे, जेवून गेलात. त्याची बायको जिवंत आहे, तिचा काही दोष नाही. हा माझा मुलगा आहे म्हणून मी गप्प बसले, तर उद्या तुमच्या मुलांना मी कुठल्या तोंडानं बोलू?"

"आई, खाली बस!" नवीन उठला. तोंड लाल झालेलं. "तमाशा करू नको!"

"तमाशा?" बाईंची जीभ आता अहिराणीवर आली. "तुले काही लाज शे का नही? देवना घरमा दुसरींदाव खोटं बोलाले उना तू!"

पुना आबा, मंडळीतले सगळ्यात जुने वडीलधारे, काठी टेकत उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, ते बाईंना गप्प करतील. आबा म्हणाले, "पाळकसाहेब, हरकत आली. नियमानं आता पंच बसतील. पुढची सूचना वाचा." आणि खाली बसले.

घरी आल्यावर बेबाबाईंना वाटलं होतं, मोहिनी रडेल, कदाचित गळ्यात पडेल. मोहिनीनं शेरॉनला शेजारी खेळायला धाडलं, दार लावलं आणि सासूसमोर उभी राहिली.

"मला विचारलं होतं तुम्ही?"

"काय विचारायचं?"

"अख्खं चर्च मान वळवून माझ्याकडे बघत होतं, आई. सोडलेली बाई म्हणून. उद्या दवाखान्यात हेच, शेरॉनच्या शाळेत हेच. निदान सांगायचं तरी, मी आले नसते!"

"तुझं नाव मी घेतलं नाही."

"घ्यायची गरज होती का?"

बेबाबाई चुलीवरचं वांगं उलटत राहिल्या. जळलं तरी उलटत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं." मग लगेच, "पण उभी राहिले ते चुकलं नाही."

"ते चुकलं असं मी म्हटलंच नाही," मोहिनी म्हणाली आणि कपडे बदलायला गेली. पुढे बरेच दिवस ती कामापुरतंच बोलत होती.

पंच बसले. दोन बैठकांत नुसती भांडणं झाली. अर्धे म्हणाले, बाईचं बरोबर. अर्धे म्हणाले, आईनं पोराचं वाटोळं केलं. पाळकांनी शेवटी स्वतःच लग्न लावायला नकार दिला. धाडसानं दिला, की पुना आबांना घाबरून, ते त्यांनाच ठाऊक. नवीन-स्नेहलनं नाशिकला हॉल घेऊन लग्न केलं. तिथे कोणी पुकारही केली नाही आणि विचारलंही नाही. जाताना नवीननं फोन करून एवढंच सांगितलं, "आजपासून मला आई नाही."

"आईले काढी टाकानं कोर्ट कोठे शे, ते सांग माले," बेबाबाई म्हणाल्या. पण फोन आधीच कट झाला होता.

मंडळीतल्या काही बायकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यात दोघी अशा होत्या, ज्यांची मुलं मोठ्या शहरांत लग्नाशिवाय कोणाकोणासोबत राहत होती. एकीनं तर तोंडावर सांगितलं, "अक्का, एवढं कडक राहून कोणाचं भलं झालं? तुमचं झालं? मोहिनीचं झालं?" बेबाबाई म्हणाल्या, "भलं होतं म्हणून खरं बोलायचं असतं का?" घरी येऊन मात्र त्या बराच वेळ पायरीवर बसल्या. राग नवीनवर होता, पाळकांवर होता, त्या बाईवर होता. आणि थोडा प्रेमराजवरही, कारण असल्या वेळी बोलायला तो जवळ नव्हता. दर रविवारी त्या त्याच बाकावर जाऊन बसायच्या. शेजारची जागा रिकामी राहायची, ते त्यांना दिसायचं. मग काही महिन्यांनी मोहिनीच तिथे येऊन बसू लागली.

यंदा जानेवारीत, दुपारच्या वेळी, दारात रिक्षा थांबली. मोहिनी ड्यूटीवर, शेरॉन शाळेत. नवीन उतरला, मागून स्नेहल. तिचे दिवस भरत आले होते.

"आत या," बेबाबाई म्हणाल्या. "उन्हात काय उभे?"

त्यांनी पाणी दिलं. स्नेहलला भिंतीला टेकून बसता यावं म्हणून उशी दिली. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी टाकल्या, भरीत केलं, स्नेहलच्या ताटात तेल मुद्दाम जास्त वाढलं. जेवण झाल्यावर नवीननं विषय काढला.

"आई, बाळ येतंय. बाळंतपण धुळ्यातच करायचंय. आता तरी तू हिला सून म्हण. मंडळीत एकदा सांग, की माझी हरकत नाही. तू म्हटलंस की सगळे येतील बारशाला."

म्हणजे ह्यासाठी. बेबाबाईंना वाटलं होतं, पोरगा आईसाठी आला.

"स्नेहल," त्या नवीनकडे न बघता तिला म्हणाल्या, "बाळ माझ्या रक्ताचं आहे. त्याला मी अंगाखांद्यावर खेळवीन. बाळंतपणाला कोणी नसेल तर मी येईन, धुणंभांडी करीन. तू या घरात येशील तेव्हा जेवून जाशील. पण सून मला एक आहे. दुसरी मी म्हणणार नाही. तुला वाईट वाटेल, वाटू दे. तुझ्याशी खोटं बोलून गोड राहण्यापेक्षा हे बरं."

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. नवीन ताडकन उठला. "चल. सांगितलं होतं तुला, ही बदलणार नाही."

"मी कशाला बदलू?" बेबाबाई ओरडल्या. "शब्द तू दिलास! तोंडानं, माझ्यासमोर, तिच्या बापासमोर, देवासमोर! तू बदललास, म्हणून आता देवानं बदलायचं, मंडळीनं बदलायचं, मी बदलायचं?"

गल्लीतली दारं उघडली. नवीननं स्नेहलला हात देऊन रिक्षात बसवलं. रिक्षावाल्यानं दांडा ओढला आणि गाडी अशी उसळली की स्नेहलनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"ए!" बेबाबाई अनवाणीच रस्त्यावर धावल्या. हुडवर दणकन थाप मारली. "डोळे फुटलेत का? पोटुशी बाई बसली आहे मागे! पुढे सगळा रस्ता खोदलाय, तिकडून नेऊ नको. नदीकाठच्या रस्त्यानं ने. हळू! आणि एकही धक्का लागला तर याद राख, स्टँडवर येऊन शोधीन तुला!"

रिक्षावाला भेदरून "हो मावशी, हो मावशी" म्हणाला. नवीननं आईकडे बघितलं नाही. रिक्षा वळली आणि नदीच्या बाजूनं हळूहळू गेली.

बेबाबाई घरात आल्या, खरकटी ताटं उचलली आणि मोरीत आपटली. थोड्या वेळानं मोहिनी आली. तिनं ताटं मोजली नाहीत, पण उशी भिंतीशी पाहिली.

"कोण आलं होतं?"

"नवीन. आणि ती."

"काय म्हणाले?"

"जे म्हणायचं ते म्हणाले. मीही म्हटलं." त्या राखेनं तवा घासत होत्या, इतक्या जोरात की बांगड्या वाजत होत्या. "दवाखान्यात तुझ्या ओळखीची चांगली डॉक्टरीण आहे ना, बाळंतपणाची? तिचा नंबर नवीनला पाठव. माझ्या नावानं नको पाठवू, नाहीतर तो घ्यायचा नाही."

मोहिनीनं पर्समधून मोबाईल काढला.