तारेतलं इंग्रजी

कोरेगावजवळच्या आमच्या गावात तारेची एक रीत होती. घरटी एक माणूस पलटणीत, त्यामुळं तार म्हटली की बायका ती मरणाचीच धरायच्या. ती लगेच फोडायची नाही. आधी घरातल्या सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि मगच कुणा शिकलेल्याला बोलवायचं. एकदा तार वाचली की त्या घरात दोन दिवस चूल पेटायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्या रीतीचा मला आजही संताप येतो.

साल एकाहत्तर. दिवाळी होऊन महिना झाला होता, उसाला तोड यायला अजून आठवडा होता, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाचगणीचं काढलं. शनिवारी जायचं, रविवारी परत यायचं. लग्नकार्य नाही, देवदर्शन नाही, नुसती मजा करायला म्हणून आम्ही जन्मात पहिल्यांदाच घराबाहेर पडणार होतो. आबा, आई आणि मी. माझा थोरला भाऊ, दादा, बेळगावला पलटणीत होता. रेडिओवर रोज लढाईच्या गोष्टी चालायच्या, म्हणून आई नको नको म्हणत होती. आबा म्हणाले, "घरात बसून काळजी करायची ती डोंगरावर बसून करू की!"

शनिवारी सकाळी आबा गाडीत जागा धरायला पुढं गेले आणि इकडं पोस्टमन दारात. तार. आईनं अंगठा उठवला, पाकीट घेतलं आणि न फोडता कनवटीला खोचलं.

"आबांस्नी बोललीस तर बघ," ती मला म्हणाली. "दोन दिस तरी हसूंद्यात त्यास्नी. जे झालं आसंल, ते सोमवारी बी तेच आसंल."

मग तिनं दाराला कुलूप लावलं. पोस्टमनला वाचायला सांगायचं तिला सुचलं नाही, आणि मलाही नाही.

मी सातवीत होते आणि माझ्या इंग्रजीचा आबांना भारी गर्व. पसरणीचा घाट चढून गाडी पाचगणीत शिरली, तसे ते प्रत्येक पाटीला मला कोपरानं ढोसायचे. "वाच! ही वाच!" मी हॉटेल, बेकरी, स्कूल असं मोठ्यानं वाचत सुटले. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायचा आणि आबांची छाती फुगायची. आई खिडकीकडं तोंड करून बसली होती, एक हात सारखा कमरेवर.

"का गं, गाडी लागली का?" आबांनी विचारलं.

"व्हय," आई म्हणाली.

काय सुंदर गाव होतं ते! उंचच उंच झाडं, लाल कौलांचे बंगले, गोऱ्यागोमट्या पोरांच्या रांगा. आणि मला त्यातलं काही म्हणजे काही गोड लागत नव्हतं. आबांनी गरम चणे घेतले, ते मी तसेच मुठीत धरून राहिले. ते हसले की मला रडू यायचं. ज्यांचा पोरगा कदाचित गेलाय, ते घोड्याला गूळ चारतायत, आणि हे मला ठाऊक आहे, त्यांना नाही.

दुपारी आम्ही टेबललँडच्या पठारावर गेलो. धुकं आलं आणि बघता बघता आबा त्यात दिसेनासे झाले. नुसता त्यांचा आवाज, "अगं, हिकडं या, दरी बघा!" आई कड्याकडं गेली नाही. तिनं मला जवळ ओढलं आणि तार माझ्यापुढं धरली.

"आता न्हाई दम निघत. फोड. तुला वाचता येतं न्हवं?"

मी पाकिटाकडं बघितलं. मी फोडणार, मी वाचणार, आणि मग दादा माझ्या तोंडून मरणार. मला तेवढंच दिसलं.

"तारेतलं इंग्रजी वेगळं असतं, आई. ते मला येत न्हाई."

धडधडीत खोटं. आईनं माझ्याकडं क्षणभर बघितलं आणि तार परत खोचली. "बरं," म्हणाली. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि साताऱ्याला खाली जायला अजून दोन गाड्या होत्या.

रविवारी दिवस मावळता आम्ही घरी आलो, तर शेजारची चुलती ओट्यावरच बसलेली.

"आवं, हुता कुठं तुमी? पोरगं येऊन गेलं की तुमचं!"

दादाची पलटण बेळगावहून वर सरहद्दीकडं निघाली होती. साहेबाच्या हातापाया पडून त्यानं एक रात्र मागून घेतली होती आणि तशी तार केली होती. शनिवारी संध्याकाळी तो आला. आपल्याच घराच्या कुलपापुढं उभा राहिला, मग चुलतीकडं जेवला, तिथंच झोपला. रविवारी दुपारच्या गाडीपर्यंत वाटेकडं बघत बसला होता. आम्ही पोचायच्या चार तास आधी तो गेला.

आबांनी आईला एवढंच विचारलं, "तार आली हुती?" आई म्हणाली, "व्हय." ते मागं गोठ्यात गेले. त्यांनी तिला एक शब्दही बोलून दाखवला नाही. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी परवडलं असतं, असं आई पुढं म्हणायची.

पुढच्याच महिन्यात लढाई पेटली. आणि दुसरी तार आली.

या वेळी आईनं कुणाला जेवू घातलं नाही. दारातच, पोस्टमन सायकलवर बसायच्या आत, तिनं पाकीट टराटरा फाडलं आणि कागद माझ्या हातात कोंबला. "वाच." मी वाचली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली आणि मराठीत सांगितली. कुठं अडखळले नाही.

पोस्टमननं टोपी काढली. आई रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

"येतं की गं तुला," ती म्हणाली.