अमिनाचा पहिला टाका

अमिनाचा जन्म पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस सालातला. तिचे अब्बा हर्सूलला भांड्यांना कल्हई करायचे. भाता मारायला घरात मुलगा नव्हता, म्हणून तो लहानपणीच अमिनाच्या हातात आला. पातेलं किती तापलं की नवसागर टाकायचा, कथील कधी पळतं आणि कधी जळतं, हे तिला अक्षरओळखीच्या आधी समजलं. अब्बा म्हणायचे, "विस्तवाला भ्यायचं नाय बेटा, पण त्याची मस्करीबी करायची नाय." पुढं तिचं लग्न शहरातल्या इब्राहीमशी झालं आणि विस्तवाशी तिचं नातं चुलीपुरतं उरलं.

इब्राहीम डेंटर होता. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांचा पत्रा सरळ करायचा. मोंढा नाक्याजवळ गॅरेजांच्या ओळीत त्याचं पत्र्याचं छप्पर होतं. गाडी आली की तो आधी हातोडी उचलायचा नाही. गाडीभोवती हळूहळू फिरायचा, डोळे बारीक करून मडगार्डावरचा उजेड बघायचा. धड पत्र्यावर उजेड सरळ पळतो, पोचा आला की अडखळतो, असं त्याचं म्हणणं. अमिना दुपारी डबा घेऊन जायची तेव्हा त्याची ती चाल बघत उभी राहायची. आपला नवरा गाडी बघतो तेव्हा लई देखणा दिसतो, असं तिला वाटायचं. बोलून मात्र कधी दाखवलं नाही.

आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. वैजापूरच्या नानासाहेबांची जीप आली होती. कांद्याचा हंगाम, माणूस घाईत. सीटाखालचा पत्रा फाटला होता आणि तिथंच शेजारी पेट्रोलची टाकी. इब्राहीमनं टाकी रिकामी केली, पण उतरवली नाही. चार नट गंजून बसले होते, ते सोडवायला वेळ लागला असता. टाकी रिकामी आहे म्हणजे भीती नाही, असं धरून त्यानं गॅसची ज्योत पेटवली.

पेट्रोल गेलं तरी त्याची वाफ टाकीत राहते, आणि ती पेट्रोलापेक्षा वाईट. भडका उडाला तो थेट तोंडावर. हातात जाड मोजे होते म्हणून हात वाचले. डोळे नाही वाचले.

घाटी दवाखान्यात पट्ट्या सुटल्या त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काही दिसतंय?" "अजी," अमिनानं हाक मारली. अमिनाच्या आवाजाच्या दिशेनं त्यानं मान वळवली आणि थोडी चुकीच्या जागी वळवली. तेवढ्यावरून तिला कळलं.

घरी आल्यावर तो बाजेवर बसून असायचा. जेवण पुढं ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. भेटायला माणसं आली की भिंतीकडं तोंड करून निजायचा. अमिना शेजारच्या साळूबाईकडून शिवणाचं काम आणायची आणि त्याच्या पायथ्याशी बसून टिपा घालायची. एकदा ती म्हणाली, "अजी, काहीतरी बोला." तो म्हणाला, "काय बोलू? डेंटर होतो. आता काय हाय?"

त्या रात्री तिनं मनाशी काही ठरवलं नाही. पण सकाळी उठून ती कारभारीच्या घरी गेली. कारभारी टॅक्सी चालवायचा, वेरूळची लेणी बघायला आलेल्या पाहुण्यांना नेऊन आणायचा. इब्राहीमचा जुना दोस्त. त्याच्या अँबेसेडरचं एक चेपलेलं मडगार्ड बरेच दिवस परसात पडलं होतं. अमिनानं ते मागून आणलं आणि नवऱ्याच्या बाजेला टेकवून ठेवलं. आत जाऊन भाकरी थापायला बसली.

बराच वेळ काही नाही. मग पत्र्यावर तळवा फिरल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"अमिना, हे कुणाचं?"

"ओळखा की."

"अँबेसेडरचं. डावं मडगार्ड. समोरून नाय बसलं, बाजूनं घासलंय." हात पुन्हा फिरला. "आणि याच्या आधी कुणीतरी अडाण्यानं इथं पुट्टी थापलीया. कारभारीचं तर नाय हे?"

भाकरी तव्यावर करपली तरी अमिना जागची उठली नाही. डोळ्यांना पदर लावून ती नुसती ऐकत बसली.

"हातोडी आण," तो म्हणाला.

पहिला घाव त्यानं स्वतःच्या अंगठ्यावर मारून घेतला. मग अमिनानं त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली. पत्र्याच्या खालून तो डॉली धरायचा. डॉली म्हणजे हातात मावणारा लोखंडाचा घडीव ठोकळा. तो जिथं टेकवील तिथं वरून तिनं मारायचं. "मनगटानं मार, खांद्यानं नको. पत्र्याला रागावायचं नाय, समजावायचं." तीही शिकत होती. एक घाव असा चुकला की त्याचं बोट सडकलं. ती घाबरून हातोडी टाकून उभी राहिली, आणि इब्राहीम हसायला लागला. भडक्यानंतर तो हसलेला तिनं पहिल्यांदा ऐकला.

मडगार्ड सरळ व्हायला बरेच दिवस लागले, पण झालं. मग दोघं नाक्यावर जायला लागली. डोळ्यांचं काम आता त्याचा तळवा करायचा. पत्र्यावर पातळ फडकं ठेवून त्यावरून हात फिरवला की केसाएवढा उंचवटा त्याला कळायचा. "इथं," म्हणायचा, आणि ती मारायची. त्याचा थोरला भाऊ नवाब एकदा तणतणत आला. घरातल्या बाईनं बाजारात बसून हातोडी मारायची, हे त्याला रुचलं नव्हतं.

"भाईजान," इब्राहीम म्हणाला, "मी तिच्या हातांनी काम करतो. ते हात घरी ठेवून कसा येऊ?"

नवाबनं स्टूल ओढलं. मग तिथंच बसून चहा पिऊन गेला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

एक गोष्ट मात्र अमिना करायची नाही. गॅसच्या ज्योतीला ती हात लावायची नाही. जोडकाम निघालं की पलीकडच्या गॅरेजातला बन्सी यायचा, आणि ज्योतीचा फुस्स असा आवाज ऐकला की अमिना छपराबाहेर जाऊन उभी राहायची. इब्राहीमला ते ठाऊक होतं.

अशात कारभारीची टॅक्सीच ठोकली गेली. खुलताबादच्या घाटात एका ट्रकनं डावी बाजू घासत नेली. कारभारी वाचला, पण दोन दारांच्या मधला खांब आत दबला होता आणि दारांखालचा जाड पट्टा दुमडला होता.

"इब्राहीमभाई, लई बारीक काम नको," कारभारी म्हणाला. "आमच्या पोरीला, चतुराला बाळंतपणाला आणायचंय वैजापूरहून. पुट्टी भरा, वरून रंग मारा, बास. दुसरीकडं विचारलं तर दोन दिवसांत देतो म्हणाले."

इब्राहीमनं खांबावरून हात खाली नेला. पत्र्याला आतून चीर गेली होती, तिच्यात त्याचं नख अडकलं.

"चतुरा कुठं बसल गाडीत?"

"मागं. कामून?"

"ह्याच बाजूला?"

कारभारीनं मागच्या डाव्या दाराकडं पाहिलं.

"हे बघ," इब्राहीम म्हणाला, "मडगार्ड चेपलेलं राहिलं तर गाडी वाईट दिसती, एवढंच. पण छत ह्या खांबावर उभंय. उद्या कुणी धडक दिली तर मधी हाच उभा राहणार. पुट्टी काय अडवणार? पुट्टी माती हाय रे. खांब बदलावा लागल."

"मग बदला," कारभारी हळूच म्हणाला. "म्या बसनं आणंन तिला, उशीर झाला तर."

भंगारातून दुसऱ्या अँबेसेडरचा धड खांब आणि खालचा पट्टा मिळाला. दोघांनी आधी चौकट सरळ केली. आतून जॅक लावून इब्राहीम तसूतसूनं दाब द्यायचा, थांबायचा, पुन्हा द्यायचा. उजव्या बाजूच्या दाराची चौकट धड होती. तिच्या कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणून त्यानं गाठ मारली, आणि तीच दोरी डाव्या बाजूला लावून गाठ जुळते का ते बोटांनी पाहिलं. जुळली तेव्हाच चिरलेला खांब कापून काढला.

जोडायला बन्सी आला. नळ्या सोडल्या, गुडघ्यावर बसला आणि खिशातून काडेपेटी काढली.

"बन्सीभाऊ, टाकी उतरवायची राहिली," अमिना बाहेरूनच म्हणाली.

"ती मागं डिकीत हाय, भाभी. आपलं काम मधी. अन् पेट्रोल तर काढलंय सगळं."

"सीटबी आतच हाय."

"ओलं पोतं टाकतो की. पाच मिनिटाचं काम हाय."

अमिना आत आली. तिचा आवाज चढला नाही, पण साऱ्या नाक्याला ऐकू जाईल असा होता. "पाच मिनिटंच लागली होती बन्सीभाऊ. बघा तिकडं." तिनं नवऱ्याकडं बोट केलं. "ह्या छपराखाली टाकी आधी उतरल, मग ज्योत पेटल. जमत नसल तर ऱ्हाऊ द्या."

बन्सी माणूस वाईट नव्हता, पण बाईनं चारचौघांत बोललेलं त्याला लागलं. "मग तुमीच करा," म्हणून तो निघून गेला.

इब्राहीम स्टुलावर बसून होता. "दुसरा कुणी बघू," तो म्हणाला.

"कुणी नको," अमिना म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

तिनं आधी बॅटरीची वायर सोडली. टाकी उतरवून रस्त्यापलीकडं नेऊन ठेवली. सीटं काढली, खालचं फाटकं जाजम काढलं, छताचं कापड सोडवलं. ओली पोती दाबून बसवली, वाळूची बादली आणि पाण्याची घागर जवळ घेतली. काळा चष्मा लावला, नवऱ्याचे जाड मोजे घातले. हे सगळं होता होता ऊन कलायला लागलं, आणि काढायला काही उरलं नाही तेव्हा ती काडेपेटी हातात धरून नुसती उभी राहिली.

इब्राहीम उठून चाचपडत तिच्या पाठीमागं आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"तुम्ही लांब व्हा," ती म्हणाली.

"माझं आता काय जळायचं राहिलंय?" तो म्हणाला. मग हळूच, "मी इथंच हाय. पेटव."

काडी ओढली. ज्योत पिवळी लपलपली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. पण कानाशी त्याचा आवाज होता. "आता ऑक्सिजन सोड, थोडा थोडा. लई फुसफुसतीय, कमी कर. आणखी. हां. आता बघ, मधी निळी कळी दिसती का?"

तिनं डोळे उघडले. कळी दिसत होती. निळी, टोकदार, स्थिर. तिच्याकडं बघता बघता अमिनाला अब्बांची भट्टी आठवली, निखाऱ्यावर पळणारं कथील आठवलं. धातू तापतो तेव्हा रंग बदलतो, आणि रंग बघायला तर ती जन्मापासून शिकली होती.

पहिल्याच टाक्याला पत्रा जळून भोक पडलं.

"भोक पडलं," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मलाबी पडायचं. लवकर उचलत जा. पत्रा पाणी व्हायच्या आधी चमकतो, तवाच उचल."

दुसरा टाका बसला. एक वर, एक खाली, मग मधी. लगोलग मारत गेलं तर पत्रा तापून वाकडा होतो म्हणून प्रत्येक टाका निवू द्यायचा. थोडे टाके झाल्यावर त्यानं काम थांबवलं, दोन्ही दारं बसवायला लावली आणि बंद करून बघितली. मागचं दार पहिल्यांदा खरखरलं. जॅकचा आणखी जरासा दाब दिला, तेव्हा ते एका हलक्या आवाजात बसलं. मगच तिनं जोड पुरे केले. भोकही भरून काढलं.

गार झाल्यावर इब्राहीमनं जोडावरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. एका जागी थांबला. "इथं भ्यालीस."

"व्हय."

बोट खाली गेलं. "अन् इथून नाय."

अमिनानं चष्मा काढला. तिच्या गालांवर काजळीत ओघळ उतरले होते, पण ते बघायला तिथं कुणी नव्हतं, म्हणून तिनं ते पुसले नाहीत.

चतुरा त्याच गाडीनं माहेरी आली. येताना कारभारीनं गाडी नाक्यावर थांबवली. ती जड अंगानं खाली उतरली आणि वाकून अमिनाच्या पाया पडायला लागली, तशी अमिनानं तिला वरच्यावर धरलं. "अगं, अशा दिवसांत वाकतात का?" पुढं तिला मुलगी झाली. बारशाच्या बर्फीतला पहिला वाटा कारभारीची बायको द्वारकाबाई स्वतः घेऊन आली. बन्सीही मधल्या काळात एकदा येऊन गेला. गंजलेले नट सोडवायचा त्याचा लांब दांड्याचा पाना अमिनाच्या पेटीत ठेवून गेला, आणि परत मागितला नाही.

नंतर बरीच वर्षं ते छप्पर चाललं. दोघांचे केस तिथंच पिकले.

संध्याकाळी काम आटोपलं की अमिना नवऱ्याचा हात धरून त्याला घरी न्यायची. त्या काळात आपल्याकडं लोकांदेखत नवऱ्याचा हात धरून चालायची रीत नव्हती; सुरुवातीला दारादारांतून माणसं बघायची, पुढं त्यांना सवय झाली. खड्डा आला की ती बोटं दाबायची, तो पाय लांब टाकायचा.

एकदा तो म्हणाला, "अमिना, डोळे असते तर असा हात धरला असता का तू?"

"शरमेनं मेले असते," ती म्हणाली.

तो हसला. गल्लीच्या तोंडाशी पोरं खेळत होती, सायकली येत-जात होत्या. तिनं त्याचा हात सोडला नाही, उलट मोकळ्या हातानं त्याच्या कपाळावरची पुट्टीची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, "चला, पुढं चिखल हाय. माझ्या अंगानं या."