बावन्न एअर कंडिशनिंगचं लायसन्स

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. तुम्ही फक्त दुबईत एसी कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स काढायला निघा! शुक्रवारी शारजात, अल मजाजच्या आमच्या घरी कुणी जेवायला आलं की माझा नवरा शिरीष पहिल्या घासालाच म्हणतो, "अगं, तुमच्या लायसन्सचं सांग ना!" मग ताटातली भाजी गार होते, पण कुणाची तक्रार नसते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याची मेकॅनिकल इंजिनिअर, दुबईतल्या एका कंपनीत एसीची डिझाइन्स करायचे. तिथे मालवणकडचे सावंत फोरमन होते. कंपनीनं गाशा गुंडाळला तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं, आपलीच कंपनी काढायची. शिरीष शिपिंग ऑफिसात होता, त्यामुळे माझं घर चालणार होतं. सावंतांचं तसं नव्हतं. लायसन्स वेळेत झालं नाही, तर व्हिसा संपून ते थेट मालवणला! मुली कॉलेजात, घराचं छप्पर अर्धं झालेलं. वरून हसायचे, पण रोज सकाळी फोन करून विचारायचे, "मॅडम, आज होईल ना काहीतरी?"

* * *

पहिल्याच दिवशी सरकारी ऑफिसात पुरुषांची रांग पार जिन्यापर्यंत. आम्ही शेवटी जाऊन उभे राहिलो. तेवढ्यात शिपायानं मला पाहिलं आणि ओरडला, "मॅडम! लेडीज काउंटर!"

लेडीज काउंटरवर मी सोडून कुणीच नव्हतं. चहा गार व्हायच्या आत काम खलास!

सावंत बघतच राहिले. "मॅडम, मी इतकी वर्षं या देशात रांगेत उभा राहून म्हातारा झालो!"

त्यानंतर ते मला सोडेनात. एकदा मला सडकून ताप आला होता. सावंतांचा फोन. म्हटलं, "आज डोकं चालणार नाही हो माझं."

"डोकं घरी ठेवा मॅडम. तुम्ही नुसत्या येऊन उभ्या राहा!"

* * *

मग माझी डिग्री दाखवायची होती. त्या दिवशी शिरीष सोबत आला. क्लार्कनं माझ्या हातातली डिग्री घेतली आणि शिरीषला विचारलं, "यू इंजिनिअर?"

शिरीषनं माझ्याकडे बोट दाखवलं. क्लार्कनं पुन्हा शिरीषलाच विचारलं, "एसी का काम मालूम?"

शिरीष म्हणाला, "हबीबी, मुझे पंखा भी लगाना नहीं आता!"

शेवटी क्लार्कनं माझ्याकडे पाहिलं, डिग्री नीट वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. "मेकॅनिकल! मेकॅनिक! गराज लायसन्स, दुसरा बिल्डिंग!"

दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आमचं मनापासून स्वागत झालं. गाड्या दुरुस्त करणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती! तिथून सुटका करून घेता घेता दुपार झाली.

घरी हे सांगत होते, तर आमची मुक्ता होमवर्क टाकून आली. "मम्मा, सो आर यू अ मेकॅनिक?"

"नाही गं राणी, इंजिनिअर."

तिचं तोंड एवढंसं झालं. "ओह. ओन्ली इंजिनिअर?"

* * *

त्या वेळी लायसन्ससाठी तिथला स्थानिक अरब स्पॉन्सर लागायचा. त्याला सगळे अरबाब म्हणायचे. सावंतांनी ओळखीतून एक आजोबा शोधून काढले. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, हिंदी आपल्यापेक्षा चांगलं! त्यांनी आम्हाला बैठकीच्या खोलीत गाद्यांवर बसवलं, कहवा दिला, खजूर दिले. भिंतीवर एसी होता, पण बंद. आम्ही घामानं निथळत होतो.

"क्या काम करेंगे आप लोग?"

"एसी का," सावंत म्हणाले.

आजोबा खो खो हसले. "एसी से तो मुझे जुकाम होता है!"

सावंतांच्या हातातला खजूर हातातच राहिला. स्पॉन्सर गेला, व्हिसा गेला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आजोबा जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "मैं साइन करूँगा. मगर एक शर्त है. ये बंद एसी कभी ठीक नहीं होना चाहिए. मेरे बेटे तुमको बुलाएँगे. तुम बोलना, पार्ट जापान से आ रहा है."

सावंतांनी गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली. आजोबांचे मुलगे आजही भेटले की त्या पार्टची चौकशी करतात. आम्ही म्हणतो, इन्शाल्ला!

* * *

कंपनीचं नाव ठेवलं 'पवन'. वारा म्हणजे पवन, सुटसुटीत, शुभ. टायपिंग सेंटरमधल्या माणसानं ते अरबीत टाइप केलं. पण अरबीत 'प' नाही! पवनचं झालं 'बवन'. म्हटलं, असू दे, अरबी वाचणारा वाचील.

पण अल क्वोज या गोडाऊनांच्या भागातल्या पेंटरनं पाटी रंगवताना अरबीवरून परत इंग्रजी केलं. मोठ्ठ्या निळ्या अक्षरांत 'बवन एअर कंडिशनिंग'!

सावंत पाटीखाली उभे राहून मोठ्यानं वाचायला लागले. "बवन... बावन... बावन्न! मॅडम, ही एसीची कंपनी की पत्त्यांचा क्लब?"

पाटी बदलायची म्हणजे पुन्हा परवानगी. म्हटलं, आता हेच नाव. मुहैस्नाहच्या कामगारांच्या कॅम्पात सावंतांच्या ओळखीची सगळी कोकणातली मुलं राहायची. त्यांच्यात बातमी पसरली आणि आम्ही कायमचे 'बावन्नवाले' झालो. नोकरी मागायला आलेला एक जण तर सावंतांना गंभीरपणे विचारत होता, "आधीच्या एक्कावन्न कंपन्या पण तुमच्याच का?"

* * *

ऑफिस पाहायला इन्स्पेक्टर येणार होता. आमचं ऑफिस म्हणजे अल क्वोजच्या एका गोडाऊनमागची खोली. एक टेबल, एक सोफा. पण एसी सावंतांनी स्वतःच्या हातानं बसवलेला!

ऑगस्टची दुपार. इन्स्पेक्टर उन्हातून आला तो लालबुंद होऊन. सोफ्यावर टेकला, "वन मिनिट" म्हणाला, आणि झोपला! घोरायलाच लागला.

मी खुणेनं विचारलं, उठवायचं का? सावंत कुजबुजले, "अजिबात नको! इन्स्पेक्शन चालू आहे."

आम्ही दोघं श्वास रोखून उभे. फोन वाजू नये म्हणून सावंतांनी तो उशीखाली दाबून धरला. एकदा त्या माणसानं झोपेतच कूस बदलली, तर सावंतांनी हलकेच एसीची झडप वळवून दिली, वारा पायांवर यावा म्हणून!

दुपार उलटल्यावर तो दचकून उठला. खोलीभर नजर फिरवली, टाय सारखा केला आणि अधिकारानं म्हणाला, "एसी व्हेरी गुड. ऑफिस पास!"

* * *

राहिली माझी तोंडी परीक्षा. ती झाली की लायसन्स, नाही तर नाही. सावंतांच्या व्हिसाचे अगदी शेवटचे दिवस. ते बाहेर बाकावर बसले होते, ओठ हलत होते, कुठल्या देवाचं नाव चाललं होतं ते विचारलं नाही.

आत एकच साहेब. वयस्कर, जाड भुवया, हसणं ठाऊक नसलेले. खोली अशी गारठलेली की माझे दात वाजायला लागले. त्यांनी डक्टचं विचारलं, गॅसचं विचारलं, मी उत्तरं देत गेले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "धिस रूम. हाऊ मेनी टन?"

मी खोलीवर नजर फिरवली. खिडकी, भिंती, माणसं, मनातल्या मनात हिशेब केला. "टू टन, सर."

"शुअर?"

"शुअर, सर. मगर इधर पाँच टन का लगाया है. जिसने ये कॅल्क्युलेशन किया, उसका साफ गलत है."

साहेबांनी वर एसीकडे पाहिलं.

"कॅल्क्युलेशन," ते सावकाश म्हणाले, "आय डिड."

माझ्या डोळ्यांसमोर एकदम बाहेरच्या बाकावरचे सावंत आले, आणि त्यांचं ते अर्धं छप्पर! मी 'सॉरी' म्हणायला तोंड उघडलं.

साहेबांनी ड्रॉवर उघडला. शिक्का काढला. माझ्या कागदावर धाडकन मारला. पास!

मी थँक्यू म्हणत उठले, दारापर्यंत पोचले. तेवढ्यात त्यांनी हाक मारली. उठून जवळ आले, दार अलगद लोटून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले,

"मॅडम, माय हाऊस ऑल्सो, आय डिड कॅल्क्युलेशन. मेरी बीवी किचन में स्वेटर पहन के खाना पकाती है. फ्रायडे यू कम? मगर प्लीज... उसको मत बोलना किसका गलत है!"