निळकंठाची गाठी

गुलाबी रंग चिमूटभर टाकायचा होता. जावयानं निळ्याची अख्खी पुडी पाकात उलटी केली. तो जावई म्हणजे हे लिहिणारा, बी.एस्सी. पास. पण गोष्ट त्याची नव्हे, सासऱ्याची.

नेकनूरचे वैजिनाथमामा तीस वर्षं साखरेच्या गाठी करतात. होळी ते पाडवा हात पाकात, उरलेलं वर्ष किराणा दुकानात. त्या दिवशी दहा महिन्यांच्या नातीची, रुद्राणीची, पहिल्या होळीची गाठी व्हायची होती. साच्यातून निघाली ती शाईत बुडवल्यासारखी. दुकानातून आत आलेल्या सासूबाईंनी, महानंदाबाईंनी, कपाळाला हात लावला. जावयाला बोलायची सोय नाही, म्हणून मामांनी गुन्हा आपल्या नावावर घेतला.

"माज्याच हातून पडला रंग. निळकंठाची गाठी म्हना."

रुद्राणीनं ती गळ्यातली गाठी दिवसभर चोखून ओठ, हनुवटी, झबलं सगळं निळं केलं.

सकाळी दुपटं उघडलं तर शी हिरवीगार, कोथिंबिरीच्या चटणीसारखी.

निळकंठाचा गळा कशानं निळा झाला, हे मामांना तेव्हा आठवलं. विषानं. त्यांनी रंगाची रिकामी पुडी खिशात कोंबली, नातीला उचललं, जावयाला घेऊन बीडची जीप धरली. वाटेत ते सारखा खिसा चाचपत होते. रुद्राणी मात्र त्यांच्या मिशा उपटत होती.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, पुडी वाचली. रंग खाण्याचाच होता. तो पोटातून तसाच पुढं जातो, पित्तात मिसळून हिरवा दिसतो, दोन दिवसांत निवळेल, म्हणाले. वर हेही सांगितलं, की असल्या रंगांनी काही मुलं चुळबुळी होतात असं दिसलंय, एखाद्याला पुरळही येतं. एवढ्या लेकराला रंग नको, अन् साखरही नको.

"मंजे निस्ती शीच हिरवी?"

"निस्ती शीच."

मामांनी असा श्वास सोडला की टेबलावरची चिठ्ठी उडाली. परतताना मांजरसुंब्याला त्यांनी जावयाला भजी खाऊ घातली. पण प्रत्येक भजं आधी उजेडात धरून पाहिलं.

पाडव्याला गाठी पांढऱ्याशुभ्र निघाल्या. रंगीत कावून न्हाई, असं कुणी विचारलं की मामा म्हणत, "महादेव बी गोराच हाय."

आतून महानंदाबाईंचा टोमणा यायचाच. "तीस वर्सं पाक केला, अन् यांना गुलाबी-निळं कळंना."

जावयानं एकदा तोंड उघडलं. मामांनी कप पुढं सरकवला. "च्या निवायलाय, जावईबापू."

सासूबाईंना खरं सांगायचं तसंच राहिलंय. जावई म्हणतो, पुढच्या होळीला.