शनिवारी बदललेला पासवर्ड

सोमवारी सकाळी खिडकी उघडायच्या आधीच कांताबाई मेश्राम बाहेर उभ्या होत्या.

“भाऊ, गेल्या सोमवारी माहा नंबर चौदा होता नं?”

“चौदाच आहे,” मनोहरराव म्हणाले.

“मंग बोर्डावर एकतीस काहून लावला?”

मनोहरराव तितरमारे नुकतेच खाप्याच्या एसटीतून उतरून आले होते. डब्याची पिशवी अजून खांद्यावरच होती आणि पाठ आखडलेली. धरमपेठेतल्या नवनिवास गृहसंघात त्यांची एकोणतीस वर्षं झाली होती. निवृत्तीला आता उरले होते चार महिने. संघाची घरं क्रमाने मिळत आणि तो क्रम पूर्वी त्यांच्या हातच्या रजिस्टरात असे. गेल्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, तो कॉम्प्युटरमध्ये गेला. मशीन एका थंडगार खोलीत, तिथे चप्पल बाहेर काढून जायचं. कामाच्या स्क्रीन मात्र तीन ठिकाणी: खिडकीपाशी, मनोहररावांच्या टेबलावर आणि मागच्या रेकॉर्ड रूममध्ये. क्रम बदलायचा अधिकार एकट्या मनोहररावांना, त्यांच्या नावाने आणि त्यांच्या पासवर्डने.

त्यांनी पिशवी ठेवली आणि स्क्रीनवर कांताबाईंचं नाव काढलं. एकतीस. चौदा नंबरावर कोण्या दुसऱ्याच माणसाचं नाव होतं. खाली ओळ होती: बदल शनिवारी दुपारी दोन वीसला, करणारा म. तितरमारे.

ती ओळ त्यांनी तीनदा वाचली. मग खिडकीकडे न बघताच म्हणाले, “बाई, तुम्ही बसा जराशा. पाहतो मी.”

“नऊ वर्षांपासून बसूनच आहो,” कांताबाई म्हणाल्या आणि बाकावर बसल्या.

मग ते आत संघाच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं.

“तितरमारे, पासवर्ड तुम्ही केव्हा बदललात?”

“शनिवारी. सकाळी अकराला. दर शनिवारी बदलतो.”

“कोणाला सांगितलात?”

“नाही.”

“कुठे लिहिलात?”

“नाही साहेब.”

“दोन वीसला तुम्ही ऑफिसात होतात?”

“होतो. माझ्याच टेबलावर.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मग मी काय समजू? रेकॉर्ड रूममधल्या प्रेमिलाबाईंचा पासवर्ड शिपायालासुद्धा पाठ आहे. त्यांच्या नावाने काही झालं असतं, तर मी दहा जणांना विचारलं असतं. तुमचा तर कोणालाच माहीत नाही. बुधवारपर्यंत लेखी खुलासा द्या. नाही तर चौकशी लावावी लागेल.”

मनोहरराव जागेवर येऊन बसले. बी.कॉम. झाल्यापासून त्यांनी एक पाळलं होतं, आपल्या सहीखाली दुसऱ्याचं काम जाऊ द्यायचं नाही. किल्ली कधी टेबलावर ठेवली नाही, कोरा कागद कधी सही करून दिला नाही. बाकीचे लोक पासवर्ड ड्रॉवरच्या आत चिकटवून ठेवत, ते मात्र मनात ठेवत. आणि आता तोच काटेकोरपणा त्यांच्यावर उलटला होता. थोडे ढिले असते तर सुटले असते. त्यांना राग आला नाही. नुसता थकवा आला, आणि जेवायच्या सुट्टीत डबा उघडावासाही वाटला नाही.

“काका, जेवत काहून नाही?” प्रेमिला विचारत आली. ती रेकॉर्ड रूममध्ये बसायची. वयाने त्यांच्या धाकट्या मुलीएवढी, आणि तोंडाने भलतीच मोकळी.

“भूक नाही गं.”

“माह्यावर शक घेऊन राहिले का तुम्ही?”

“तुझ्यावर कशाले?”

“साऱ्या ऑफिसात तेच बोलून राहिले न. का एवढं काम मशीनवर फक्त प्रेमिलालेच जमते.” ती हसली, पण तिचे डोळे हसले नव्हते. “शुक्रवारी तर तुम्हीच माह्या जागेवर बसले होते. मी सुट्टीवर होती.”

मनोहररावांनी मान वर केली. बसले होते खरे. कांताबाईंचा जुना अर्ज ताडून बघायला शुक्रवारी चार वाजता ते रेकॉर्ड रूममध्ये गेले होते. तिथल्या स्क्रीनवर आपलं नाव घातलं, पासवर्ड घातला, यादी काढली. तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. मग?

“मग मी पंखा बंद केला,” ते हळूहळू आठवत म्हणाले, “दिवा बंद केला, आणि स्क्रीनचं बटण बंद केलं.”

“आणि काम बंद केलं होतं का? लॉगआउट?”

 खोलीतून निघताना सगळी बटणं बंद करायची, ही त्यांची जन्माची सवय. काच काळी झाली म्हणजे काम संपलं, असंच त्यांनी धरलं होतं.

“पण शनिवारी मी पासवर्ड बदलला नं,” ते म्हणाले. “जुन्यावर कोणाले काय करता येईल?”

प्रेमिलाने खांदे उडवले. “करून पाहू. माहीत तर पडन.”

मनोहरराव रेकॉर्ड रूममध्ये गेले, आपल्या नावाने आत शिरले, यादी काढली आणि शुक्रवारसारखंच बटण दाबून स्क्रीन काळी केली. प्रेमिला तिथे बसली. ते आपल्या टेबलावर आले, पासवर्ड बदलला, पुन्हा एकदा तपासला. मग व्हरांड्यातून आवाज दिला, “प्रेमिला, लाव बटण!”

आत खटकन बटण वाजलं.

“काका,” आतून आवाज आला, “मी तर आतच आहो! तुमची यादी माह्यासमोर आहे. कोणाले खाली टाकू, बोला!”

“हात लावू नको कशालेबी!” ते जवळजवळ धावतच गेले.

स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात त्यांचंच नाव होतं. नवा पासवर्ड कोणी विचारलाच नव्हता. कुलूप बदललं होतं, पण आत बसलेल्या माणसाला बाहेर काढलं नव्हतं. शुक्रवारी चारपासून शनिवारी दुपारपर्यंत, ज्याने कोणी ते बटण दाबलं, तो मनोहरराव तितरमारे झाला होता.

मंगळवारी कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनिअर आला. त्याने पाहिलं आणि चहा मागितला. “हे असंच आहे. पासवर्ड येताना विचारतात. जो आलेला आहे, त्याला मशीन परत विचारत नाही.”

“बदलल्यावरसुद्धा नाही?” साहेबांनी विचारलं.

“नाही. कळवतो मी मुंबईला. पुढच्या वेळी सुधारणा येईल कदाचित.”

इंजिनिअर गेल्यावर साहेबांनी कागद बाजूला सारले. “मशीनचा दोष आहे, एवढंच लिहा तितरमारे. शुक्रवारचं लिहिलंच पाहिजे असं नाही. ते लिहिलंत की निष्काळजीपणाचा मेमो द्यावा लागेल. चार महिन्यांसाठी कशाला?”

मनोहररावांनी विचार केला. शुक्रवारचं सोडलं तर रेकॉर्ड रूममध्ये आपल्या नावाने शिरलं कोण, हा प्रश्न उरतो, आणि तिथे रोज बसते ती प्रेमिला.

“लिहितो, साहेब,” ते म्हणाले. “ते लिहिल्याशिवाय हिशेब लागत नाही.”

बुधवारी त्यांनी दीड पानाचा खुलासा दिला, तारखा आणि वेळा घालून. दुपारी मेमो आला. एकोणतीस वर्षांतला पहिला. त्यांनी दुय्यम प्रतीवर पोच म्हणून सही केली आणि मूळ प्रत घडी करून खिशात ठेवली. शनिवारी प्रेमिलाला खिडकीवर बसवलं होतं, रेकॉर्ड रूम रिकामी होती; दोन वीसला तिथे कोण गेलं, ते काही निघालं नाही. चौदा नंबरावर आलेल्या माणसाने आपल्याला काहीच माहीत नाही म्हणून लिहून दिलं.

दुरुस्तीचा आदेश निघाला तशा कांताबाई खिडकीशी आल्या. मनोहररावांनी नवी यादी त्यांच्यासमोर ठेवली आणि बोटाने ओळ दाखवली.

“चौदा,” त्या म्हणाल्या. “कोणं केलं होतं?”

“माहीत नाही. पण मशीन मीच उघडी सोडून गेलो होतो, बाई. त्याच्यानं झालं.”

कांताबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस त्या त्यांना चोर समजत होत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“म्हंजे चोर नाही तुम्ही,” त्या म्हणाल्या, “पन राखनदारबी काही खास नाही.”

“नाही,” मनोहरराव म्हणाले.

“बरं. कागदावर लिहून द्या मले, चौदा म्हनून. अन् सही करा. त्या काचेवरचं मले नोको.”

त्यांनी कोरा कागद घेतला, तारीख टाकली, नाव आणि नंबर अक्षरात आणि अंकात लिहिला आणि खाली पूर्ण सही केली. शाई वाळेपर्यंत कांताबाईंनी तो हातात धरला.