वनमालाने निवडलेलं अत्तर

वनमाला परब जोगेश्वरीत राहायची आणि चारकोपच्या एका गाळ्यात अत्तराच्या बाटल्या भरायची. तिचा नवरा जयवंत गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला होता. पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी तो गेला. तेराव्याला वरच्या मजल्यावरची पद्मजा तिचा हात धरून म्हणाली होती, "माझ्याकडे ते विधवाबिधवा काही चालत नाही हं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तू येणार म्हणजे येणार."

संक्रांतीला वनमालाला कुणी बोलावलं नाही. तिने चैत्राची वाट पाहिली.

चैत्रात पद्मजा दोन बाटल्या घेऊन खाली आली. "यात मोगरा न् आंबा, त्यात गुलाब न् अननस. बायकांच्या हाताला लावायचंय. या उकाड्यात कुठलं बरं गं?"

"ठेवून जा. लगेच कळत नाही."

वनमालाने एकेका मनगटाला एकेक लावलं आणि स्टोव्हपाशी भाकऱ्या थापायला बसली. घाम आल्यावर अननस चिकट गोड झाला, त्याने डोकं धरायला लागलं. आंबा विरला, पण मोगरा राहिला.

"आंब्याचंच घे," तिने वर जाऊन सांगितलं.

"वाचवलंस बाई! नाहीतर माझी वाट लागली असती."

अत्तर आपण निवडलं म्हणजे आपण घरच्याच, असं वनमालाने धरलं. शुक्रवारी सकाळी पद्मजा कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार आमंत्रणाला फिरली. शेजारच्या राधाच्या दाराशी थांबली, तिथून थेट जिन्याकडे वळली. घरच्या माणसाला कुठे आमंत्रण लागतं, असं म्हणत वनमालाने अर्धी रजा टाकली आणि निळी साडी नेसून बसली. तरी कुणी हाक मारल्याशिवाय जिना चढायला पाय उचलेना. वरून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

दिवेलागणीला राधा आली. तिने हाताची मागची बाजू वनमालाच्या नाकाशी धरली. "छान आहे ना? सगळ्या विचारत होत्या, कुणी निवडलं. पद्मजा म्हणाली, मीच, चार दुकानं फिरून."

थोड्या वेळाने पद्मजा स्वतः उतरली. आंब्याची डाळ डब्यात, पन्हं तांब्यात. "रागावलीस? अगं, सासूबाईंच्या माहेरच्या बायका होत्या. त्यांच्यासमोर कुठे वाद घालू?"

"मग तेराव्याला कशाला बोललीस?"

"त्या वेळी तुझी अवस्था बघवत नव्हती गं." पद्मजाने कमरेची बाटली काढली. "आण हात. इथेच लावते."

"दार लावून घेतेस का आधी?"

पद्मजाने बाटली परत कमरेला खोचली, डबा आणि तांब्या ओट्यावर ठेवून गेली.

शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हे त्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. वनमालाने डाळ आणि पन्हं राधाकडे दिलं. डबा न् तांब्या घासले, पुसून कोरडे केले, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पद्मजाच्या सासूबाईंच्या हातात दिले.

त्यांनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "अगंबाई, रिकामा?"

"हो," वनमाला म्हणाली आणि जिना उतरली.