हिरवा खण

कोल्हारच्या शिवणवाल्या मावशींनी माझी अब्रू राखली, हे आधी लिहिते. काय घडलं ते मागाहून, कारण त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी लग्न होऊन तिथे आले. माहेर पार सावंतवाडीकडे. शाळा सहावीत सुटलेली. हे एसटीत कंडक्टर; आमच्याकडच्या डेपोत होते तेव्हा स्थळ जुळलं. माहेरचं पत्रसुद्धा आठवड्याने यायचं, माणूस तर नाहीच. मला दिवस गेले ते फक्त सासूबाईंना ठाऊक होतं. आणि मावशींना, कारण त्यांच्या ओट्यावर चोळीचं माप देतानाच मला उमासा आला.

तिसऱ्या महिन्यात कुणाला न कळवता ओटी भरायची, हिरवा खण द्यायचा, ही रीत दोन्हीकडे होती. सासूबाई म्हणाल्या, ते तुझ्या आईचं काम, तिचं पत्र येऊ दे. मग एका दुपारी मावशींनी मला आत बोलावून दार लोटलं. ओंजळभर गहू आणि खण माझ्या पदरात घातला. कुंकू मात्र मलाच लावून घ्यायला सांगितलं. त्या विधवा होत्या. विधवेच्या हातून ओटी घेत नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी पदर पसरला.

खण पदराखाली कमरेला खोचला आणि परकराचं कापड आणायला समोरच्या दुकानात गेले. ताका बघायला वाकले तशी खणाची घडी बाहेर आली. तसलेच खण तिथे गठ्ठ्याने मांडलेले. शेठने विचारलं, हा कुठला? दुकानात चार बायका होत्या, त्यातली एक आमच्या आळीतली.

एका वाक्याचं काम होतं. पण मावशींचं नाव घेतलं की ते सासूबाईंच्या कानावर जाणार, एवढंच माझ्या डोक्यात. मी घडी पुन्हा आत खोचू लागले.

"कंडक्टरची बायको ना तू?" शेठ म्हणाला. "आन् बिनतिकिटाची निघालीस व्हय?"

बायका हसल्या. रस्त्यापलीकडे मशीनचा आवाज थांबला. मावशी आल्या, काय झालं ते ऐकलं आणि म्हणाल्या, खण परवा मीच नेला, मुनीमजींना विचारा. मुनीमजींनी मान हलवली. शेठला माघार घेणं जड गेलं असावं.

"तुमाला हिरवा खण कशाला लागला, बाई?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी ताक्यावरची नक्षी बघत राहिले.

"हिची ओटी भरली म्या. आय लांब हाय हिची."

शेठने परकराचं कापड वीतभर जास्तच फाडून दिलं.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. चोरीच्या आळाबद्दल सासूबाईंनी विचारलंच नाही. "तिच्या हातनं घेतलीस?"

"मी नको म्हणत होते," मी म्हणाले. "त्यांनीच बळं पदरात घातली."

मी सुटले. सासूबाईंनी खण परत पाठवला आणि माझं वाक्य आळीभर सांगितलं. हळूहळू पोटुशा बायका, मग लेकुरवाळ्याही, मावशींकडे माप द्यायला जायच्या थांबल्या. त्यांचं मशीन आमच्या परसात ऐकू यायचं. आता दुपारच्या दुपार ते ऐकू येत नसे, आणि मी भांडी जास्त आपटून घासायची.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी परसाच्या भिंतीवर एक पुडकं ठेवलेलं सापडलं. आत कुंची होती, त्याच हिरव्या खणाची. सासूबाईंनी खण ओळखला, तरी मुलीला कुंची घातली.

मावशी आता केडगावला भाचीकडे असतात. त्यांना कमी दिसतं. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा चहा घेतला, दुष्काळाच्या, पाण्याच्या गोष्टी बोलले आणि उठले. कुंची माझ्या पेटीत आहे. एकदा जाईन तेव्हा नारळ आणि हिरवा खण घेऊन जाईन, भाचीसमोर, शेजारणींसमोर मावशींची ओटी भरीन, कुंकू माझ्या हाताने लावीन. आणि बळं कुणी घातली नव्हती, मीच पदर पसरला होता, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन.